पाला चालतो

"डोळे मीट," आई म्हणाली आणि तिनं माझ्या डोक्यावर तांब्या उपडा केला.

पाणी कोमट होतं. कानांवरून, मानेवरून ओघळत ते न्हाणीच्या दगडावर सांडलं, आणि सर्दी झाल्यावर घरात दरवळतो तो वास परसभर पसरला. गवती चहाचा. आमच्या मोरीच्या कडेला त्याचं कमरेएवढं बेट होतं. आमच्याकडे त्याला सगळे हिरवा चहाच म्हणत.

"आई, झोंबतंय."

"झोंबू दे. सिस्टरबाईंनी सांगितलंय, हिरव्या चहानं टाळू धुवायची."

"हळू बोल. आत्ती ऐकंल."

"ऐकू दे," आई म्हणाली. पण आवाज तिनंही खाली आणला.

मी तेव्हा चौदा वर्षांची होते, नववीत. विषमज्वरानं महिनाभर अंथरुणाला खिळले होते. त्या महिन्यात केसांना ना पाणी लागलं ना फणी. घामानं, तेलानं, उशीवर डोकं घासून घासून मागचे केस एकमेकांत असे शिरले, की मानेवर जणू वाळलेल्या शेणाची गोवरी चिकटली होती. खाली टाळूवर फोड आले होते. ताप उतरला, मी उठून बसले, आणि त्याच दिवशी, मंगळवारी, हौसाआत्तीचा हात माझ्या मानेवर पडला.

हौसाआत्ती म्हणजे वडिलांची थोरली बहीण. वडील साखर कारखान्याच्या ट्रकवर असत, हंगामात महिना-महिना बाहेर. घरात शब्द चालायचा तो आत्तीचा. तिच्या डोक्यावर जट होती. अकराव्या वर्षी आलेली, आता गुडघ्यापर्यंत पोचलेली, दोरखंडासारखी जाड. आत्ती ती पुढे छातीवर घेऊन, पदरात गुंडाळून बाळासारखी सांभाळायची. त्या ओझ्यानं तिची मान कायमची खाली झुकली होती. माणसं ती पायांवरून ओळखायची.

"कोण, वैजी? टाच फुटलीया तुजी. रातच्याला तेल लाव," असं म्हणायची. माझा चेहरा तिनं शेवटचा कधी नीट पाहिला होता कुणास ठाऊक. मी पाळण्यात असताना असेल.

त्या मंगळवारी तिची बोटं माझ्या मानेवर थांबली. चाचपली. पुन्हा चाचपली.

"मालन," तिनं आईला हाक मारली, "पोरीला जट आलीया."

आईच्या हातातली परात खाली पडली. "गुंता हाय वन्सं. आजारपनातला गुंता."

"माजाबी गुंताच हुता."

"वन्सं, लेकरू हाय. शाळा शिकतंय."

"मीबी लेकरूच हुते." आत्तीचा आवाज सपाट होता. "आता मागारी फिरत न्हाई. शेजारनीनंबी बगितलंय. येत्या मंगळवारी निंगव्वाला बोलवू. भंडारा लावंल."

निंगव्वा म्हणजे पलीकडच्या वाडीतली म्हातारी जोगतीण. तिनं हळदीचा भंडारा जटेला लावला, की जट देवीची. मग तिला फणी लावायची नाही, कातर लावायची नाही. मग हातात परडी घ्यायची आणि मंगळवारी, शुक्रवारी दारोदार जोगवा मागत फिरायचं. आत्ती फिरायची तसं. शाळा, लग्न, दोन वेण्या, लाल रिबिनी, सगळं त्या चिमूटभर हळदीखाली बुजून जायचं.

आठ दिवस होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई मला घेऊन आरोग्य उपकेंद्रात गेली. तिथं परब सिस्टर होत्या, सावंतवाडीकडच्या. त्यांचा नवरा फौजेत, आसामात. सिस्टरांचे केस कमरेच्या खाली, असे तुकतुकीत की लस टोचून घ्यायला आलेल्या बायका बाळाकडे कमी आणि त्यांच्या वेणीकडे जास्त बघायच्या.

सिस्टरांनी माझं डोकं उजेडाकडे वळवलं आणि नुसतं "अरे देवा" म्हणाल्या.

"कातर लावून टाका बाई," आई म्हणाली. "काय व्हायचं ते हूं दे."

"कातर नको. उद्या तुमच्या म्हशीनं दूध आटवलं तरी ते पोरीच्या माथी मारतील. हे सुटेल." त्यांनी फोडांसाठी मलम दिलं. "हे रोज लावा. आणि हिरवा चहा माहीत आहे ना? उकळायचा, निववायचा आणि मुळांशी जिरवायचा. मी तेच करते, केसांना आणि टाळूला चांगला. मग खोबरेल चोळा, भरपूर. आणि बोटांनी सोडवा. टोकाकडून वर जायचं, मुळाकडून खाली नाही. शेवटाला रुंद दातांची फणी."

"हिरवा चहा? एवढंच?" आईचं तोंड उजळलं. "तो तर ढीगभर हाय आमच्या मोरीवर!"

सिस्टर तोवर दुसऱ्या बाळाकडे वळल्या होत्या. संध्याकाळच्या गाडीनं त्या आठ दिवसांसाठी माहेरी गेल्या. घरी बारसं होतं. त्यामुळे मोरीवर ढीगभर काय उगवतं, हे विचारायचं त्यांच्याकडून राहूनच गेलं.

तर त्या बुधवारी मी न्हाणीच्या दगडावर बसले होते आणि डोक्यावरून गवती चहा निथळत होता. तेवढ्यात मागच्या दारात पायांची चाहूल लागली. आईचा हात माझ्या केसांत थिजला.

आत्ती उंबऱ्यात उभी होती. नजर खाली, माझ्या पायांशी साचलेल्या हिरवट पाण्यावर.

"काय घालतीस तिच्या डोक्यावर?"

"प-पाला, वन्सं," आई म्हणाली. "हिरव्या चहाचा पाला."

"साबन घातलास?"

"न्हाई."

"बाजारातलं काय? पाकिटातलं?"

"न्हाई वन्सं, शप्पत. आपल्याच मोरीवरचा."

आत्तीनं दगडावर पडलेलं एक पातं उचललं, चुरगळून हुंगलं. मग ती म्हणाली, "मंग चालतंय. पाला चालतो देवीला. जट न्हाऊ घालायची तर पाल्यानंच घालायची असती."

आणि ती उंबऱ्यात बसली. आमच्याकडे पाठ करून, तोंड घराकडे.

आईनं माझ्याकडे बघितलं. मी आईकडे. साबण चालत नाही, शिकेकाई चालत नाही, आणि पाला चालतो? पण विचारायला जायची छाती दोघींत नव्हती. आईनं खोबरेलाची बाटली पदराआडून काढली आणि एक बट हातात घेतली.

ते काम कसं होतं सांगू? डाळीतला खडा जिभेनं शोधावा तसं. एक केस सापडायचा, त्याच्या मागं मागं जायचं, तो दुसऱ्यात शिरलेला, दुसरा तिसऱ्यात. मी रडत होते. आईनं मग तिचं जुनं औषध काढलं. ती ओवी म्हणायला लागली. आईला ओव्या यायच्या म्हणजे अशा, की हातात काम आलं की तोंडात ओवी यायचीच.

*हिरव्या पाल्याचं पाणी, तांब्यामंदी निवलं*
*लेकीच्या गं माथ्यावर, चांदनं शिवलं*

एका ओवीला एक केस. कधी एका केसाला चार ओव्या. आत्तीची पाठ हलली नाही.

गुरुवारी शेजारीण डोकावली. "काय चाललंय गं मालन? कालबी न्हाऊ, आजबी न्हाऊ?"

आई उत्तर द्यायच्या आत उंबऱ्यातून आवाज आला. "कोन, लक्षीमी? जोडवं सैल झालंय तुजं, पडंल. घरला जा. देवीला न्हाऊ घालायचं चाललंय, हितं परक्याची सावली चालत न्हाई."

शेजारीण गेली. जाता जाता जोडव्याकडे बघत गेली.

शुक्रवारी आत्ती परडी घेऊन जोगव्याला निघाली तेव्हा मला वाटलं, आज तरी मोकळं बसता येईल. ती घटकाभरात परत आली. एवढ्यात कशी आलात, असं आईनं विचारलं तर म्हणाली, "पाय दुकतात," आणि परत उंबऱ्यात.

शनिवारपर्यंत गोवरीची कड उसवली होती. खालचे दोन बोटं केस सुटे झाले होते, टाळूवरचे फोड सुकायला लागले होते. पण बोटं आता आत जात नव्हती. आईच्या नखांतून रक्त यायचं. रुंद दातांची फणी आमच्या घरी नव्हती. होती ती उवा काढायची, बारीक दातांची. वाण्याकडून नवी आणायला जावं तर तासाभरात गावाला कळलं असतं.

रविवारी सकाळी न्हाणीच्या कोनाड्यात एक फणी होती. शिसवी, काळी, रुंद दातांची. एका कडेचे दोन दात मोडलेले. पाठीवर लाल दोरा गुंडाळलेला, रंग उडालेला.

"कुठनं आनलीस गं?" आईनं माझ्या कानात विचारलं.

"मी? मला वाटलं तूच आणलीस."

आईनं फणी पदरात लपवली, उंबऱ्याकडे बघितलं. पाठ तशीच. मग आईनं तांब्या भरला.

त्या दिवशी गाठी भराभरा सुटायला लागल्या. फणी कशी चालायची! आपल्याला वाट ठाऊक असल्यासारखी. आईचा गळाही मोकळा झाला. तिनं नवी ओवी उचलली,

*माझ्या गं बाळीचे केस, काळ्या रेशमाचे*

आणि ती अडकली. पुढची ओळ काही केल्या जुळेना. तिनं पुन्हा म्हटलं, "काळ्या रेशमाचे..." आणि उंबऱ्यातून, आमच्याकडे न बघता, आत्तीच्या घोगऱ्या आवाजात दुसरी ओळ आली,

*ज्याचे त्याला द्यावे, ठेवू नये कुणाचे*

आईच्या हातातली फणी थांबली. आत्तीला सगळं कळलं होतं. आणि ती आम्हाला बजावत होती, हे केस देवीचे, तिला देऊन टाका. दोघींनाही तसंच वाटलं. त्या रात्री आई जेवली नाही.

पण सोमवारी ती पुन्हा दगडापाशी उभी राहिली. हातात तांब्या, जबडा आवळलेला. "बस," म्हणाली.

मंगळवारी उन्हं अंगणात आली तेव्हा मानेपाशी एकच गाठ उरली होती, बोराएवढी. निंगव्वाचं चौंडकं गल्लीच्या तोंडाशी वाजायला लागलं. आई ओवी म्हणत नव्हती आता, नुसता श्वास ओढत होती. चौंडकं जवळ आलं. जवळ आलं. दारात थांबलं. आणि माझ्या मानेवर काहीतरी सैल झालं, जसं घट्ट पोलक्याचं शेवटचं बटण निघावं. फणी माथ्यापासून टोकापर्यंत सरकन खाली आली.

आई खाली बसली. हसत होती की रडत होती, मला अजून सांगता येत नाही. मग तिनं डोळे पुसले, भराभरा माझ्या दोन वेण्या घातल्या, लाल रिबिनी बांधल्या आणि माझा हात धरून मला ओसरीवर आणलं.

निंगव्वा पाटावर बसली होती. "कुठं हाय जट?"

"बग की तूच," आत्ती म्हणाली. "मला काय दिसतंय? माजी नजर पायावर."

निंगव्वानं माझ्या वेण्या सोडल्या. तिची सुरकुतलेली बोटं मानेवरून फिरली. केस तिच्या हातातून पाण्यासारखे निसटले. तिनं ते नाकाशी नेले. हुंगले.

"फनी लावलीस, मालन?"

मी आईचा हात घट्ट धरला. आता, मला वाटलं. आता संपलं.

"तिला काय इचारतीस? मला इचार," आत्ती म्हणाली. झुकल्या मानेनंच, पण असा आवाज मी तिचा कधी ऐकला नव्हता. "आट दिस पाल्यानं न्हाऊ घातली. ओव्या म्हनून. मी सवता उंबऱ्यात बसून हुते. देवीआईनं धुवून घेतली, बगितली आनि पोर परत दिली. आता देवीनं दिल्यालं मोडायचं तुज्यात बळ हाय का सांग."

निंगव्वानं आत्तीकडे बघितलं. दोघी म्हाताऱ्यांच्यात काय गेलं ते मला दिसलं नाही. मग निंगव्वानं भंडाऱ्याची चिमूट उचलली आणि केसांना नाही, माझ्या कपाळाला लावली.

"शाळंला उशीर झाला न्हाई व्हय गं तुला?" ती म्हणाली.

मी धावत सुटले. पाटी-दप्तर काही नाही, नुसती धावत सुटले. वाऱ्यावर केस मोकळे. वर्गात शिरले तर पहिल्या बाकावरची म्हणाली, "वैजे, अंगावर चहा सांडला काय गं?" सगळा वर्ग हसला. मी सगळ्यांत मोठ्यानं हसले.

परब सिस्टर गुरुवारी परत आल्या आणि उतरल्या त्याच पावली आमच्या घरी आल्या. माझे केस बघून त्यांनी आईला मिठीच मारली. आईनं अभिमानानं त्यांना मोरीपाशी नेलं.

"हा बगा तुमचा हिरवा चहा."

सिस्टर बघत राहिल्या. मग हसत सुटल्या. इतक्या, की त्यांना न्हाणीच्या दगडावर बसावं लागलं. "अहो, हे गवत! गवती चहा! मी आसामातला म्हणत होते, चहाची हिरवी पत्ती, पाकिटातली. आमचे हे पाठवतात ती."

"पाकिटातली?" आई चपापली. "पाकिटातलं असतं तर वन्संनी हात लावू दिला नसता. पाला चालतो म्हनून..."

"कुठं लिवलंय पाला चालतो?"

आत्ती मागच्या दारात उभी होती.

"त्यो नेम मीच केला, मालन. त्या बुदवारी, हितं हुबी ऱ्हाऊन. माज्या आईनं साबन घातला हुता. त्यो चालत न्हाई म्हनाले. फनी घेतली, तीबी चालत न्हाई. पाल्याचं कुनी काय म्हनलं नव्हतं. तू पाला म्हनालीस, आनि मला वाटलं, ही एक फट ऱ्हायलीया." ती दगडापाशी आली. सिस्टरांच्या पायांकडे बघत म्हणाली, "बाई, तुमच्याकडं कातर हाय न्हवं? आता माजी काडा. चाळीस वर्सं झाली. सुटायची न्हाई ती, मला ठावं हाय. कापा. म्हशीनं दूध आटीवलं तर मी हाय बगायला."

सिस्टरांनी उपकेंद्रातून कातर आणली. आईनं जट दोन्ही हातांत धरली. कापायला पाऊण तास लागला. शेवटचा पीळ तुटला आणि जट दगडावर धपकन पडली, ओल्या पोत्यासारखी.

मी ती उचलायला वाकले. अगदी टोकाला, सगळ्यांत जुन्या पिळात, काहीतरी टोचलं. काळं, लाकडी, नखाएवढं.

फणीचा दात होता.

मी आत पळाले. आईनं लपवून ठेवलेली शिसवी फणी आणली. तुकडा मोडक्या दाताच्या बुडाशी धरला. बसला.

"दुसराबी असंल आतच," आत्ती म्हणाली. "आई वढत हुती, आनि मागनं तिचा हात धरला कुनीतरी. फनी मोडली. ती मी ट्रंकंत ठेवली हुती. लागंल कुनाला तरी म्हनून."

आई तिच्या पायाशी बसली. "वन्सं, मंग ती ओवी... ज्याचे त्याला द्यावे..."

"पोरीचे केस पोरीला द्यावे. अजून काय?" आत्ती खेकसली. "ओव्या तुला येत्यात म्हनं. अर्थ लागंना व्हय एवढा?"

सिस्टरांनी मग त्यांचं पाकीट आणलं. पत्ती उकळली, निववली. आत्तीची टाळू बघवत नव्हती. चाळीस वर्षांची खाज, खपल्या, घाम. कापसाचा बोळा बुडवून त्या हलके हलके टिपत राहिल्या. फिकट, सोनेरी पाणी आत्तीच्या मानेवरून उतरत होतं.

"ह्यो काय?"

"हा खरा हिरवा चहा."

आत्तीनं हुंगलं. "ह्येला वासच न्हाई. आमचा बरा."

आता या गोष्टीला सत्तावीस वर्षं झाली. केस धुणं, कापणं हाच माझा धंदा झाला. इचलकरंजीत माझं पार्लर आहे, आणि मुली येऊन ग्रीन टीनं केस धुऊन मागतात. मी धुऊन देते. उकळून, निववून, मुळांशी जिरवून. टाळू शांत होते, केस हलके होतात, खरं आहे ते. पण गाठ सोडवायला आली कुणी, की मी आरशाखालच्या खणातून दोन दात मोडलेली फणी काढते आणि टोकाकडून सुरुवात करते.

त्या दिवशी टाळू टिपून झाल्यावर आत्ती दगडावर तशीच बसून होती. मान खालीच. सवयीची. सिस्टर म्हणाल्या, "आता वर करून बघा, हौसाबाई. हळू."

तिनं दोन्ही हात मानेमागे धरले. थोडी उचलली. थांबली. अजून थोडी. तिची नजर माझ्या पायांवरून गुडघ्यांवर आली, परकरावर, वेणीच्या टोकाला, रिबिनीला. मग हनुवटीला. मग वर.

ती माझ्याकडे बघत राहिली. डोळे बारीक केले, पुन्हा मोठे केले.

"वैजे," ती म्हणाली, "तुजं नाक माज्यावर गेलंय की गं."